एक डोळा गेला तरी तीसच टक्के? (दिव्यांग प्रमाणपत्र, टक्केवारी आणि पेन्शन)

मागवाला | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मामा इचलकरंजीत असतात. वय ६१. तीस-बत्तीस वर्षं यंत्रमागावर काढली. २०११ साली चालत्या मागावरून धोटा उडाला आणि उजव्या डोळ्यावर बसला. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं, पण नजर आली नाही ती नाहीच. डावा डोळा चष्म्यासकट ठीक आहे. २०१३ मध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून अपंग प्रमाणपत्र काढलं. त्यावर ३० टक्के. मामीने ते लॅमिनेट करून गणपतीच्या फोटोमागे ठेवलंय, लाइट बिलं आणि एलआयसीच्या पावत्यांबरोबर.

मागच्या आठवड्यात गल्लीतल्या एकाने सांगितलं, आता अपंगांना महिन्याला २५०० मिळतात. झालं, दुसऱ्या दिवशी मामा सकाळी सातलाच टोपी घालून तयार. मी गाडीवर मागे बसवून तहसील कचेरीत नेलं. खिडकीवरच्या माणसाने प्रमाणपत्र दोनदा उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "चाळीसच्या खाली आहे, होत नाही." मामा म्हणाले, "साहेब, दोन डोळ्यांतला एक गेला म्हंजे निम्मं गेलं की. पन्नास टक्के व्हायला पायजे हिशोबानं." तो माणूस काही बोलला नाही. मलाही काही बोलता आलं नाही, कारण हिशोब मलाही तोच बरोबर वाटतो.

तर विचारायचं असं की हे ३० कुठून आले? बदलून मिळतात का? ४० च्या खाली काहीच मिळत नाही का? आणि ते नवीन यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढावं लागेल का?

---

तहसीलचा_बोका | सोमवार, रात्री ११.१५

मागवाला, मी निवृत्त अव्वल कारकून. संजय गांधी शाखेच्या टेबलावर सहा वर्षं बसलोय, म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला. तुमच्या मामांसारखी माणसं रोज बघितली.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. प्रमाणपत्र वेगळं, योजना वेगळी. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की दिव्यांगत्व आहे आणि इतकं आहे. लाभ द्यायचा की नाही हे त्या त्या योजनेचा नियम ठरवतो. लोकांना वाटतं दाखला मिळाला की पगार सुरू.

४० चा आकडा कायद्यातला आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, यात २१ झाले. पण नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के, असले लाभ ४० टक्के आणि वर असणाऱ्यालाच. त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. बाकीच्या बहुतेक योजनांनीही तोच उंबरठा धरला.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी बघतात ते असं: वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. इतर निराधारांना हीच मर्यादा २१ हजार आहे. रक्कम २५०० ऐकलीत ती बरोबर. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५००, बाकीच्यांना १५००.

लोक ४० वर लक्ष ठेवतात आणि पडतात ५० हजारावर. त्यावर नंतर बोलू, आधी टक्क्यांचं होऊ दे.

---

नेत्रपल्लवी | मंगळवार, सकाळी ७.०५

मी नेत्रतज्ज्ञ आहे, प्रमाणपत्र देणाऱ्या मेडिकल बोर्डावरही बसले आहे. हा "निम्मं गेलं" चा हिशोब मला दर बुधवारी ऐकायला मिळायचा.

दृष्टीची टक्केवारी दोन डोळ्यांची सरासरी काढून ठरत नाही. तक्ता आहे, आणि त्या तक्त्यात आधी बघतात चांगला डोळा. चांगला डोळा चष्म्यासकट ६/६ ते ६/१८ मध्ये असेल आणि दुसऱ्याला उजेडही कळत नसेल, तर उत्तर ३० टक्के. जुन्या मार्गदर्शक सूचनांतही एका डोळ्याला ३०च होते. त्यामुळे २०१३ चं प्रमाणपत्र चुकीचं नाही. केवळ डोळ्यासाठी फेरतपासणी मागितलीत तर पुन्हा ३०च येतील, डावा डोळा बिघडला असेल तरच फरक पडेल. म्हणून एक सुचवते, मामांचा डावा डोळा एकदा नीट तपासून घ्या. ६१ व्या वर्षी मोतीबिंदू, काचबिंदू काहीही असू शकतं. टक्क्यांसाठी नाही हो, उरलेला एकच आहे म्हणून.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हा तक्ता खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला धरून केल्यासारखा वाटतो. एका डोळ्याने अंतराचा अंदाज जातो. फळ्यावरचं वाचता येतं, पण चालत्या यंत्रात हात कुठे घालायचा हे कळत नाही. मागावरच्या माणसाचं त्याने किती नुकसान होतं ते तक्त्यात कुठेच नाही.

---

हरभऱ्याचं_झाड | मंगळवार, सकाळी ९.३०

एवढं कशाला डोकं लावताय. आमच्या तालुक्यात एक जण आठ हजारात ३० चे ४५ करून देतो म्हणे. चार महिन्यांत वसूल. 😄

---

तहसीलचा_बोका | मंगळवार, सकाळी ९.५२

झाडावरून उतरा आधी. खोटं दाखवून लाभ घेतला किंवा नुसता घ्यायचा प्रयत्न केला तरी कलम ९१ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आता प्रमाणपत्र ऑनलाइन असतं, नंबर टाकला की दिसतं. एजंट आठ हजार घेऊन गुल होतो, कागदावर नाव राहतं मामांचं.

---

सुपर्णा_ठाणे | मंगळवार, दुपारी १.२०

मागवाला, माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. तुमची केस वेगळी, पण बोकाकाका म्हणतात ते मी ठेचा खाऊन शिकले म्हणून लिहिते.

आम्हाला प्रमाणपत्र मिळालं तेव्हा मला वाटलं, आता सगळी दारं उघडतील. प्रत्यक्षात प्रत्येक दाराला वेगळं कुलूप. निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, पण तो फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चौघांनाच, कारण तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली येतो. शेजारच्या बाईंच्या मुलीचा पाय पोलिओने गेलेला, ७० टक्के, तिला निरामय नाही. तिला ते पटेना. मलाही समजावताना लाज वाटली.

नवऱ्याला आयकरात ८०-डीडीची वजावट मिळते. ४० टक्के असेल तर ७५ हजार, ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. पण जुनी करपद्धत घेतली तरच. स्वतः करदाता दिव्यांग असेल तर ८०-यू. व्यवसाय कर माफ होतो हे तर ऑफिसात कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं दरमहा २०० कापून घेत होते.

ज्यांची मुलं १८ च्या जवळ आलीत त्यांनी पालकत्वाचं बघून ठेवा. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम अशा मुलांसाठी १८ नंतर आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिथे अर्ज करायचा. बँकेत खातं उघडायला गेल्यावर हे कळतं, तेव्हा धावपळ होते.

---

मागवाला | मंगळवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर मॅडम, मामांना "तक्ता आहे" असं सांगितलं. ते म्हणाले, "तक्ता करणाऱ्यानं एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघावा." म्हणजे मग ४० च्या खाली आमचा विषय संपला असंच ना?

---

कानसेन | मंगळवार, रात्री ११.५८

थांबा. विषय संपवू नका. तीस वर्षं मागावर होते म्हणालात. मामांना ऐकू कसं येतं?

---

मागवाला | बुधवार, सकाळी ६.४५

आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. टीव्ही इतक्या मोठ्याने लावतात की खालच्या चौकात बातम्या ऐकू येतात. मोबाइल वाजलेला कळत नाही. मामी खोलीतून हाक मारतच नाही, जाऊन दंडाला हात लावते. पण हे आम्हाला कधी वेगळं वाटलंच नाही. मागवाले सगळेच मोठ्याने बोलतात. लहानपणी मला वाटायचं मामांकडे सारखी भांडणं चालतात.

---

कानसेन | बुधवार, सकाळी ८.३०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. मागाच्या खटखटीत आठ-बारा तास, तेही तीस वर्षं, कानात बोळा न घालता. कान शाबूत असतील तर मला आश्चर्य वाटेल. २०१३ ला तुम्ही फक्त डोळ्यासाठी अर्ज केला, म्हणून बोर्डाने फक्त डोळा बघितला. न सांगता कुणी कान तपासत नाही.

आता गणित. कंटाळा आला तरी वाचा, कारण मामांचं सगळं यात आहे.

कानाची टक्केवारी अशी काढतात: चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे, सगळ्याला सहाने भागायचं. म्हणजे इथेही चांगल्या कानाला पाचपट वजन. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर (० + १००) ÷ ६, म्हणजे साधारण १७ टक्के. एकच कान गेलेल्यांचं "निम्मं गेलं" इथे आणखी खाली येतं.

पण दोन वेगवेगळी दिव्यांगत्वं एकाच माणसात असली तर ती एकत्र करायचं सूत्र आहे. नुसती बेरीज नाही. मोठा आकडा अ, लहान आकडा ब. अ + ब × (९० − अ) ÷ ९०.

मामांचे डोळ्याचे ३० हा अ धरा. कानाचे समजा १५ निघाले. १५ × ६० ÷ ९० = १०. तीस आणि दहा, बरोबर ४०.

म्हणजे कानाचे १५ टक्के निघाले तरी उंबरठा गाठला जातो.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. कायद्याच्या व्याख्येत ऐकू कमी येणारी व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची श्रवणहानी असणारी. एखादं बोर्ड म्हणू शकतं की कान व्याख्येतच बसत नाही, मग एकत्र कसं करायचं? माझ्या पाहण्यात एकत्र करून दिलेलंही आहे आणि नाकारलेलंही. नाकारलं तर लेखी मागा, कलम ५९ खाली अपील करता येतं. पण आधी तपासणी तर होऊ द्या. ऑडिओमेट्रीच्या (यंत्रावर ऐकू येणं मोजतात त्या तपासणीच्या) आदल्या दिवशी मामांनी मागाच्या शेडमध्ये फिरकायचं नाही. गोंगाटाने कान तात्पुरता बधिर होतो, मग आकडा खरा येत नाही. कदाचित बेरा चाचणीही लावतील. त्यात कानाच्या नसेकडून मेंदूत जाणारी लहर मोजतात, माणसाच्या "ऐकू येतंय-नाही येतंय" वर ती अवलंबून नसते. घाबरायचं नाही, झोपून राहायचं असतं.

---

नेत्रपल्लवी | बुधवार, सकाळी ९.१५

कानसेन, साष्टांग. मी डोळ्यातच अडकले होते.

---

लालबावटा_निवृत्त | बुधवार, दुपारी ४.००

इचलकरंजी वाचलं आणि राहवलं नाही. मी युनियनचं काम केलंय, त्या भागातच.

मागवाला, २०११ ला अपघात झाला तेव्हा मालकाने काय केलं? मी न सांगता ओळखतो. दवाखान्याचं बिल भरलं, हातावर काही रक्कम ठेवली, म्हणाला "कागद करत बसू नकोस, कामावर ये." बरोबर?

त्या वेळी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. त्याच्या परिशिष्टात अवयवागणिक आकडे छापलेले. एक डोळा काढावा लागला आणि दुसरा नीट असला तर कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं धरायचं. डोळा जागेवर आहे पण नजर गेली तर ३०. त्यावर वय आणि पगार लावून एकरकमी भरपाई. दावा दोन वर्षांत करायचा असतो, म्हणून मामांची वेळ गेली. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता, तो दावाही कुणी लावत नाही. आणि ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) लागू असेल तर कायमच्या अपंगत्वाचा दरमहा लाभ तिथून मिळतो.

हे मामांसाठी लिहीत नाही. तुमच्या गल्लीत अजून मागावर जाणारी पोरं असतील, त्यांच्यासाठी लिहितो. अपघात झाला की त्याच दिवशी कागद करा. रजिस्टरमध्ये नाव आहे का बघा. दोन वर्षं कशी जातात कळत नाही.

---

मागवाला | बुधवार, रात्री ८.२०

बिल भरलं होतं आणि वर पाच हजार दिले होते. मामा अजूनही त्या मालकाला चांगला माणूस म्हणतात. मी काही बोललो नाही.

---

एसटीप्रेमी | गुरुवार, सकाळी १०.१०

प्रवासाचंही लिहून ठेवतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे. एसटीत साध्या गाडीला दिव्यांगांना ७५ टक्के सवलत, ४० टक्क्यांवर. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर साथीदारालाही ५०.

रेल्वेचं वेगळंच. तिथे टक्का नाही, प्रकार बघतात. दृष्टीत पूर्ण अंध. अस्थिव्यंगात साथीदाराशिवाय प्रवास न करू शकणारा. बौद्धिक दिव्यांगातही तसंच. कानाच्या बाबतीत ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्ण नसलेला. रेल्वेचं ओळखपत्रही वेगळं काढावं लागतं. तुमचे मामा उद्या ४५ टक्के झाले तरी एसटीत सवलत, रेल्वेत पूर्ण तिकीट. कोल्हापूर स्टँडवरून सुटलेल्या माणसाला हे समजावणं कठीण आहे.

---

मांडवीकाठ | गुरुवार, दुपारी १२.४०

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे संजय गांधी नाही, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तिलाही १५ वर्षांच्या वास्तव्याची अट. सावंतवाडीहून इकडे कामाला आलेल्यांची दोन्हीकडून कुचंबणा होते. तिकडचं रेशनकार्ड सुटलेलं, इकडची पंधरा वर्षं झालेली नाहीत.

---

निनावी_भाऊ | गुरुवार, रात्री ११.३०

नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, समजून घ्या.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, चौदा वर्षं झाली. मानसिक आजारालाही प्रमाणपत्र मिळतं हे आम्हाला दहा वर्षं माहीत नव्हतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा आईने त्याला आंघोळ घालून, तेल लावून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून नेला. बोर्डावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काम करता का?" दादा म्हणाला, "हो, दुकान बघतो." दुकान बाबांचं होतं, ते बंद होऊन सहा वर्षं झाली होती. दादा रोज सकाळी जाऊन त्या शटरसमोर उभा राहतो, एवढंच. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, टक्के आले ३५.

आई घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "भांग पाडायला नको होता."

दुसऱ्या वेळी मी सोबत गेलो. तिथे एक मोजपट्टी असते. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, आणि आजार किती वर्षांचा. या सगळ्याचे गुण मिळून ७ ते १३ झाले तर ४० ते ७० टक्क्यांत बसतं. मी सोबत सगळ्या जुन्या चिठ्ठ्या नेल्या, तारखेवार लावून. आणि डॉक्टरांना सांगितलं की मी त्याच्या घरात राहतो, मला विचारा. त्यांनी विचारलं. अर्धा तास विचारलं. या वेळी ५५ आले.

मागवाला, मामांना एकटं आत पाठवू नका. आपली माणसं सरकारी डॉक्टरसमोर "काही नाही, बरा आहे" म्हणतात. सवय असते.

---

सुपर्णा_ठाणे | शुक्रवार, सकाळी ७.२५

भाऊ, शटरचं वाचून चहा तसाच राहिला.

---

तहसीलचा_बोका | शुक्रवार, सकाळी १०.००

निनावी, ५५ झाले तर संजय गांधीचा अर्ज केलात का? नसेल तर करा. इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचं कुणी सांगितलं असेल तर त्यात वेळ घालवू नका. त्याला ८० टक्के लागतात आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. केंद्राचे त्यात ३०० असतात, वरची भर राज्याची.

वडील सरकारी नोकरीत होते का? असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनाचं बघा. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते हयातभर मिळू शकतं. आईवडील हयात असतानाच नाव नोंदवून ठेवा, नंतर धावाधाव होते.

आता मागवाला यांच्या चौथ्या प्रश्नाकडे. हो, यूडीआयडी काढाच. जुनं प्रमाणपत्र संगणकीय असलं तरी आता सगळीकडे हेच स्वावलंबन कार्ड (यूडीआयडीचंच दुसरं नाव) मागतात. पोर्टलवर अर्ज, आधार, फोटो, पत्ता, जुनं प्रमाणपत्र. रुग्णालय निवडायचं आणि अर्जात दिव्यांगत्वाचे प्रकार भरताना डोळा आणि कान दोन्ही भरायचे. एकच भरलात तर पुन्हा तेच होईल.

कार्ड तीन रंगांचं. ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. आपल्याकडे रेशनकार्डही पांढरं, केशरी, पिवळं. त्यामुळे टेबलावर रोज तमाशा व्हायचा. पांढरं रेशनकार्ड म्हणजे पैसेवाला, पांढरं यूडीआयडी म्हणजे टक्के कमी. दोन्ही पांढऱ्यांत एक साम्य मात्र आहे, काही मिळत नाही.

अगदीच नाही असं नको म्हणायला. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तिथे चौकशी करा. मार्च जवळ आला की तो निधी संपवायची घाई असते, तेव्हा गेलेलं बरं.

---

मागवाला | अडीच महिन्यांनी, रविवार, सकाळी ११.००

मंडळी, उशीर झाला, पण काय झालं ते कळवतो.

अर्ज केला, डोळा आणि कान दोन्ही भरले. तारीख मिळायला पाच आठवडे. तपासणीच्या आधी दोन दिवस मामांना आमच्या घरी आणून ठेवलं, शेडच्या आवाजापासून लांब. रात्री त्यांना झोप लागेना. म्हणाले, "लई शांत हाय रे इथं."

ऑडिओमेट्रीच्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मला मशीनवरचा आकडा चढताना दिसत होता आणि मामा ढिम्म. टेक्निशियन पोरगी माझ्याकडे बघायची, मी मान खाली घालायचो. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यावर "लक्ष नसतं तुमचं" म्हणून चिडलोय.

चांगल्या कानाचे २०, वाईटाचे ४४. कानसेन सर, तुमचं गणित मी तिथेच मोबाइलवर केलं. शंभर आणि चव्वेचाळीस, भागिले सहा, २४. आत गेल्यावर एका डॉक्टरांनी व्याख्येचा मुद्दा काढलाच. दुसरे म्हणाले सूत्र लावू. त्यांचं आपसात बोलणं झालं, मी निनावी भाऊंचं ऐकून आतच उभा होतो. शेवटी लावलं. ३० आणि २४ × ६० ÷ ९० म्हणजे १६.

४६ टक्के. पिवळं कार्ड.

बाहेर आल्यावर मामांना कानाशी तोंड नेऊन सांगितलं, शेहेचाळीस. ते म्हणाले, "पन्नासला चार कमीच की."

आता पुढचं. रेशनकार्ड अजून एकत्र आहे. त्यावर मामा, मामी आणि त्यांचा मुलगा. मुलगा पुण्यात ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर, लग्न होऊन चार वर्षं तिकडेच. त्याचा पगार धरला तर ५० हजार कधीच ओलांडतात. काय करायचं?

---

लालबावटा_निवृत्त | रविवार, दुपारी १२.१०

शेहेचाळीस! मामांना माझा लाल सलाम सांगा, मोठ्याने.

---

तहसीलचा_बोका | रविवार, दुपारी २.४५

म्हणालो होतो ना, माणूस ५० हजारावर पडतो.

मुलगा खरोखर वेगळा राहत असेल, चूल वेगळी असेल, तर रेशनकार्ड विभक्त करून घ्या. त्याचं नाव पुण्यात लावा. हे खोटं नाही, चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. पण मुलगा घरात राहत असताना नुसत्या कागदावर वेगळा दाखवायचा असेल तर मी सल्ला देणार नाही. तलाठी चौकशीला आला की शेजारीच सांगतात.

क्रम असा ठेवा: आधी रेशनकार्ड, मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, यूडीआयडी, आधार, पासबुक. हे सगळं घेऊन सेतूत किंवा संजय गांधी शाखेत. पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजा. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा बँकेत आधार जोडलंय का आणि मोबाइल नंबर चालू आहे का ते आधी बघा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरलात की पैसे बंद. आणि मामा ६५ चे झाले की त्यांचं खातं श्रावणबाळ या ज्येष्ठांच्या पेन्शन योजनेकडे जाईल, तेव्हा घाबरू नका.

मामी लाडकी बहीण घेत असतील तर ते त्यांचं वेगळं, मामांच्या अर्जाशी त्याचा गोंधळ करू नका.

---

मागवाला | रविवार, रात्री ८.३०

मुलगा खरंच वेगळा आहे काका, दिवाळीला दोन दिवस येतो. कार्ड वेगळं करायला तो पुढच्या शनिवारी येतोय.

आधारला मोबाइल जोडायला काल केंद्रात गेलो होतो. मामांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. दहाही बोटं लावून झाली. तीस वर्षं सुताच्या गाठी मारून बोटं गुळगुळीत झालीत. केंद्रातला पोरगा म्हणाला, डोळ्याने होतं, सोमवारी या, तोपर्यंत यंत्र दुरुस्त होऊन येईल. मामांनी तिथेच विचारलं, एकाच डोळ्यानं चालतंय का? त्याला माहीत नव्हतं.

---

तहसीलचा_बोका | रविवार, रात्री ८.४१

चालतं. चष्मा काढून बसवा.